आधी इशारा, मग फोन

लोकांना वाटतं, हवामानाचा अंदाज सांगणारी माणसं दिवसभर आकाशाकडे बघत बसतात. मला नोकरीला लागून सतरा वर्षं झाली, आकाशाकडे बघायला अजून सवड मिळालेली नाही. माझ्यासमोर चार पडदे असतात आणि खिडकी असते पाठीमागे. बाहेर काय चाललंय ते मला झाडलोट करणाऱ्या मावशी सांगतात. "भरून आलंय हो बाहेर," हे त्या अशा काही सुरात म्हणतात, की खुर्ची अडवून बसलेय मी आणि अंदाज सांगतात त्या.

त्यात वसंत म्हणजे माझ्या जिवाला घोर. हिवाळ्यात थंडी म्हटलं की थंडी पडते, उन्हाळ्यात ऊन म्हटलं की ऊन. वसंतात मात्र आमच्या सपाट मुलखावर रोज सकाळी ढगांची गोधडी पसरलेली असते. खाली दमट हवा, खूप वर कोरडी थंड हवा, आणि दोन्हींच्या मधे एक उबदार थर. आम्ही त्याला झाकण म्हणतो. झाकण घट्ट राहिलं तर दिवसभर नुसतं मळभ. पण कुठे ढग फाटले, तासभर जमिनीला ऊन लागलं आणि झाकण उडालं, की अर्ध्या तासात डोंगराएवढा ढग उभा राहतो आणि विजा पडायला लागतात. म्हणजे प्रश्न एवढाच, की ढग फाटणार का, कुठे आणि किती वाजता. एवढंच! हे ज्याला रोज बिनचूक सांगता येतं त्याने खुशाल माझ्या खुर्चीवर येऊन बसावं, मी मावशींच्या हाताखाली झाडू मारायला तयार आहे.

त्या वसंतात सोळा दिवसांत मी तीनदा तोंडघशी पडले. तीनदा पिवळा इशारा दिला. पिवळा इशारा गेला की जिल्ह्यातली उघड्यावरची सगळी कामं थांबतात. क्रेनवाले खाली येतात, शाळांची मैदानं रिकामी होतात, पश्चिमेच्या उंचवट्यावरच्या पवनचक्क्यांवर चढलेली माणसं उतरतात. तीनदा सगळे उतरले आणि तीनदा झाकण जागचं हललं नाही. तिसऱ्या संध्याकाळी तर इतकं सुरेख ऊन पडलं की मला रडू आलं. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, "बाई, उद्या मुलांना छत्र्या आणायला सांगू की टोप्या?"

"वह्या आणायला सांगा," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मग मॅडमनी, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी, मला खोलीत बोलावलं. त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं. "तुझा अभ्यास चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण चौथी हूल दिलीस ना, तर पाचव्या वेळी खरं वादळ आलं तरी कुणी जागचं हलणार नाही. एवढं लक्षात ठेव."

मी ते लक्षात ठेवलं. नको इतकं लक्षात ठेवलं.

माझा धाकटा भाऊ त्याच पवनचक्क्यांवर काम करतो. पात्यांच्या कडा झिजतात, त्यांना भेगा पडतात, त्या बुजवायच्या. जमिनीपासून ऐंशी मीटरवर, दोराला लोंबकळून. लहानपणी त्याला झाडांवरून उतरवता उतरवता आईने हात टेकले होते, आणि आता तो तेच नोकरी म्हणून करतो. हिवाळी वारे थांबले की उन्हाळी वारे सुरू होईपर्यंत जेमतेम दोन महिने त्यांना मिळतात, त्यातच सगळी पाती उरकायची. माझे तीन इशारे म्हणजे त्याचे तीन वाया गेलेले दिवस. त्याला त्या वर्षी टोळीचा प्रमुख व्हायचं होतं, आणि टोळी मागे पडली होती.

"आई, हिला विचार," रविवारी जेवताना तो म्हणाला, "माझ्याशी लहानपणीचं काही वैर असेल तर तोंडावर बोल म्हणावं. दर वेळी वादळाचा बहाणा कशाला?"

सगळे हसले. मीही हसले. पण पायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली होती. मॅडमच्या बोलण्याने लागलं नव्हतं तेवढं त्याच्या चेष्टेने लागलं.

आमच्या कार्यालयात एक नियम आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. मला तो आमच्या रडारकाकांनी सांगितला होता. रडारवर तेच बसतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. "आधी इशारा, मग फोन," ते म्हणाले होते. "आपल्या माणसाला फोन करून घरात थांब म्हणावंसं वाटलं ना, की समजायचं, तुझी खात्री झालेली आहे. तोंडाने तू काही का म्हणेनास. अशा वेळी आधी सगळ्या जिल्ह्याला सांगायचं, मग घरी." तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला हे इतकं सोपं वाटलं होतं, की यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना.

त्या दिवशी सकाळी वरची हवा मोजायला सोडलेल्या फुग्याने झाकण चांगलं जाड दाखवलं. ढगांचा थर सलग होता, कुठे सुईएवढंही भोक नव्हतं. संगणक म्हणत होता, ढग संध्याकाळपर्यंत राहतील. मी लिहिलं, दिवसभर ढगाळ, गडगडाटाची शक्यता कमी. लिहिताना हात जरा थांबला, कारण असल्याच सकाळी मी तीनदा उलटं लिहिलं होतं. पण या वेळी सगळे आकडे एका बाजूला होते. मी सही केली.

साडेनऊला धाकट्याचा फोन आला. रोज येतो. "जाऊ का वर, की आजही मुहूर्त नाही?"

"जा," मी म्हटलं. "आणि दुपारचं जेवण वरच घेऊन जा, नाहीतर खाली आलास की पुन्हा माझ्या नावाने बोटं मोडशील."

पाऊण वाजता उपग्रहाचं चित्र आलं आणि त्यात पश्चिमेच्या उंचवट्याच्या अलीकडे ढगाला विरळ जागा दिसली, स्वेटर कोपरावर झिजतो तशी. मी स्वतःला सांगितलं, भरून येईल. एक वाजता ती फाटली होती. सव्वाला ती एखाद्या शहराएवढी झाली. मी खुर्ची मागे ढकलली, पुन्हा पुढे ओढली. त्या भागातल्या हवामान केंद्राचं तापमान बघितलं: तासात सहा अंशांनी चढलं होतं. मी उठून पाणी प्यायले. परत येऊन तेच आकडे पुन्हा बघितले, जसं काही मी पाणी पीत असताना ते सुधारणार होते.

"अहो बसा तरी," मावशी म्हणाल्या. "मला लादी पुसू द्या. कधीच्या येरझाऱ्या घालताय."

मी जिना चढून गच्चीत गेले. सतरा वर्षांत अशी मी फार तर दहा वेळा गेले असेन. आमच्या डोक्यावर अजून करडं आभाळ होतं, पण पश्चिमेला पांढरा लख्ख पट्टा होता आणि तिकडून येणारा वारा कोमट होता. मला तो वारा मुळीच आवडला नाही.

मॅडमच्या दारात उभी राहून मी सांगितलं, "उंचवट्याच्या बाजूला ऊन पडलंय. झाकण उडेल असं वाटतंय."

"किती खात्री आहे?"

"निम्मी."

त्यांनी चष्मा काढला. "निम्म्या खात्रीवर आपण तीनदा हसं करून घेतलंय. पण आज ड्यूटी तुझी आहे, सही तुझी आहे. मी तुला अडवत नाही."

त्यांनी अडवलं असतं तर मी भांडले असते आणि भांडता भांडता इशारा देऊन मोकळी झाले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण अडवलं नाही म्हणताच भांडायला कुणी उरलं नाही. मी जागेवर आले आणि ठरवलं, रडारवर ठिपका दिसेपर्यंत थांबायचं.

आमचं रडार दर दहा मिनिटांनी पूर्ण चित्र देतं. दोन वाजून दोन मिनिटांच्या चित्रात काही नव्हतं. मी पाय हलवत बसले. पेनाचं टोपण काढलं, घातलं. दोन बाराला काकांनी नुसतं "हं" केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. उंचवट्याच्या दक्षिणेला एक ठिपका होता. लहानसाच, पण जमिनीपासून पाच किलोमीटर उंचावर. खाली पावसाचा थेंबही नाही आणि वर ढग कोंबासारखा उभा राहतोय. असा ठिपका बघितला की अंगावर काटा येतो.

"देतेस?" काकांनी विचारलं.

"पुढचं चित्र येऊ दे. एक ठिपका कधीकधी विरून जातो."

"जातो कधीकधी," ते म्हणाले. नियम त्यांनी पुन्हा काढला नाही. मी काही नवीन नव्हते.

मी मोबाइल घेऊन मधल्या बोळात गेले. का गेले, याचं उत्तर तेव्हा मी स्वतःलाही दिलं नाही. धाकट्याला फोन लावला. तो पात्यावर असताना फोन उचलत नाही, पण त्या दिवशी उचलला.

"खाली ये," मी म्हटलं.

"इशारा आला?"

"नाही आला. तू खाली ये."

"ताई, इशाऱ्याशिवाय उतरलो तर स्वतःच्या मर्जीने उतरला म्हणून लिहितात. आधीच मला..."

"गाढवा, आत्ताच्या आत्ता खाली ये!"

बोळातून जाणारे हिशेबनीस दचकून माझ्याकडे बघायला लागले. फोनमध्ये क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, "बरं. उतरतो." दोन चौदा झाले होते.

मी जागेवर येऊन बसले, आणि तुम्हाला सांगते, मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. आता मला शांतपणे विचार करता येईल असं वाटलं, आणि मी शांतपणे पुढच्या चित्राची वाट बघितली. त्या आठ मिनिटांत मी पायही हलवला नाही. याची मला अजून सर्वांत जास्त चीड येते.

दोन बावीसला चित्र आलं. ठिपक्याची रास झाली होती, बारा किलोमीटर उंच, आणि ती उंचवट्याकडे सरकत होती. दोन तेवीसला मी इशारा पाठवला, पिवळा नव्हे, सरळ नारिंगी. दोन सत्तावीसला विजा मोजणाऱ्या यंत्राने पहिली टिकटिक केली आणि पडद्यावर उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर एक लाल फुली उमटली.

पुढचे तीन तास मला नीट आठवत नाहीत. फोन वाजत होते, इशारे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात सरकवायचे होते, खिडक्या थडाथडा वाजत होत्या. चारच्या सुमारास मुख्याध्यापकांचा फोन आला. "मुलं आत घेतली होती," ते म्हणाले, "आभारी आहे, बाई." मॅडम माझ्या पाठीमागे येऊन म्हणाल्या, "बघ, थांबलीस ते बरं केलंस. इशारा अगदी वेळेवर गेला." मी मान डोलावली. मग धाकट्याचा निरोप आला: मी ठीक आहे, पण काडीला वीज लागली. जिल्हा रुग्णालय.

काडी हा त्यांच्या टोळीतला सगळ्यांत जुना माणूस. अंगाने काडीसारखा, म्हणून काडी. धाकट्याला दोराच्या गाठी त्यानेच शिकवल्या होत्या. धाकट्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा त्याचं नाव यायचं.

मी साडेपाचला रुग्णालयात पोचले. धाकटा दुसऱ्या मजल्यावरच्या बाकड्यावर बसला होता, कंबरेचा पट्टासुद्धा न सोडता. मला बघून उठला आणि मला जिन्याकडे घेऊन गेला.

"पात्यावर पडली वीज, त्याला धरूनच होता तो," तो म्हणाला. "हृदय बंद पडलं होतं. खालच्यांनी चालू केलं. शुद्धीवर नाही अजून. उजवा हात..." तो थांबला. "डॉक्टर उद्यापर्यंत काही सांगत नाहीत."

"तू त्याला सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं ना! उतरताना वॉकीटॉकीवर सांगितलं, ताईचा फोन आलाय, उतर. तो म्हणाला, इशारा आला का? मी म्हटलं, नाही. मग हसला. म्हणाला, तुझ्या ताईने मला तीनदा उतरवलंय, या भेगेवरचा लेप ओला आहे, इशारा आला की येतो." धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि इशारा आला तसा निघालाच तो. लगेच निघाला, ताई. मी खालून बघत होतो."

जिन्यात औषधांचा वास कोंडला होता.

"तू तिकडे काही बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. "त्याची बायको आलीय. फोनचं काही काढू नकोस. तुझी नोकरी जाईल. आणि मी... मी तिला काय सांगू? मी आधी उतरलो म्हणून?"

मी वॉर्डाकडे चालायला लागले. त्याने ते कबूल असं धरलं.

काडीची बायको खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, मांडीवर नवऱ्याचे बूट एका पिशवीत. धाकट्याने ओळख करून दिली, "ही माझी ताई." एवढंच म्हणाला, पण तिला माहीत होतं. ती उठली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ना त्या हवामानाच्या? ते सांगायचे तुमच्याबद्दल. चेष्टा करायचे, राग मानू नका." तिचा आवाज बसला होता. "सगळे म्हणतात, इशारा आला म्हणून ते निघाले तरी होते. वर टोकाला असते तर संपलंच होतं. तुमचे उपकार आहेत, ताई."

धाकटा माझ्याकडे बघत होता. माझे हात तिच्या हातात होते आणि ते सोडवून घ्यावेत की काय करावं, मला कळेना. आयुष्यात मी पुष्कळ चुकीचे अंदाज दिले. लोक हसले, लोकांनी शिव्या दिल्या, ते सगळं मी पचवलं. हे आभार मात्र माझ्या घशाखाली उतरेनात. संध्याकाळपर्यंत मी जिन्यात, गाडीत, पडद्यांसमोर स्वतःला हजार वेळा सांगितलं होतं, की एका ठिपक्यावर कुणीच इशारा देत नाही. पण मी दिला होता. एकाच माणसाला.

"मला आधीच कळलं होतं," मी म्हटलं.

"ताई," धाकटा म्हणाला.

"मी माझ्या भावाला फोन करून उतरवलं. इशारा नंतर दिला."

तिने माझे हात सोडले नाहीत. तिला बहुतेक नीट समजलं नव्हतं. ती धाकट्याकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळली. "नंतर म्हणजे?"

"पुढच्या चित्राची वाट बघत होते. चौथ्यांदा खोटी पडायची भीती वाटली मला."

"नंतर म्हणजे किती वाजता?" तिने विचारलं. "तुमच्या भावाला फोन कितीला केलात?"

"दोन चौदाला."

"आणि इशारा?"

"दोन तेवीसला."

तिने हात काढून घेतले आणि खुर्चीवर बसली. बुटांची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत होती. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी खोकत होतं. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"लग्न झालं त्या वर्षी मी एकदा गेले होते बघायला," ती म्हणाली. "भीती वाटायची मला. तर ते म्हणाले, चल, ये आणि घड्याळ लाव, मग रात्री झोप लागेल तुला. मी खाली उभी राहून घड्याळ लावलं होतं. पात्याच्या टोकावरून जमिनीवर यायला त्यांना सात मिनिटं लागतात." तिने वर बघितलं. "म्हणजे दोन एकवीसला ते खाली असते."

धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हो," मी म्हटलं. "असते."